उंच घोडा की कामाचा घोडा

शिपाई आणि जनावर निवडताना आधी अंगलट पाहावी की कसब, या पेचाशी अहमदनगरच्या निजामशाहीत अवघ्या दौलतीचे भवितव्यच निगडित होते. मोगलांच्या दप्तरी स्वाराचा चेहरा लिहिला जाई, घोड्याला डाग दिला जाई, आणि अरबी, इराकी, तुर्की, याबू, ताजी अशा प्रती लावून त्यांप्रमाणे तनखा ठरे. साहजिकच धिप्पाड, परदेशी जनावराला मोल अधिक. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यानंतर ज्याने मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्य सावरले, त्या मलिक अंबराला, जो स्वतःच हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेला होता, कुळाची वा उंचीची मातबरी वाटण्याचे कारणच नव्हते. दख्खनचे ठेंगणे, काटक तट्टू आणि त्यावरचा डोंगरवाटा जाणणारा मराठा बारगीर, हेच त्याने हाती धरले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीस त्याने तलाव फोडून, रसद तोडून आणि रात्री छापे घालून मोगल व आदिलशाही फौजांना जेरीस आणले. शहाजीराजे तेथे लढले, त्यांचे बंधू शरीफजी पडले. जहांगिराने त्यापूर्वीच अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले होते: भाल्यावरील अंबराच्या शिराला बाण मारणारा बादशहा त्यात, बहुधा उंची पुरावी म्हणूनच, पृथ्वीगोलावर चढून उभा आहे.