आधी फळा, मग घंटा

नवी मुंबईतल्या उलव्यात आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला अजून स्वतःची इमारत नाही. रविवारची उपासना, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या भाड्याच्या गाळ्यात होते. शटर वर करायचं, सतरंज्या अंथरायच्या, पेटी-तबला मांडायचा, उपासनासंगीताची पुस्तकं वाटायची. या साडेबारा टक्क्यांसाठी इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी जानेवारी 1984 मध्ये जासईत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून गोळ्या झेलल्या. त्यात पाच जण गेले. आपण कुणाच्या भातखाचरावर बसून गातो आहोत, हे नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावं, असं मला वाटतं.

आमची तरुण मुलं विचारतात, "मावशी, आपलं चर्च कधी बांधणार?" मी मूळची नगरची, जन्म शाळेत शिकवण्यात गेला. मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगते.

फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. तेव्हा इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं, आणि कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी मुळीच नको होते. परत जा, असा हुकूम झाला. दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनपर्यंत गेले. तिथून त्यांना पुन्हा मुंबईत आणलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि शेवटी राहायची परवानगी मिळवली. मग त्यांनी काय केलं? मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. 1817 साली त्यांची पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. भेंडीबाजारातलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं ते 1823 मध्ये, म्हणजे येऊन दहा वर्षं झाल्यावर! कोटाबाहेरची ती वस्ती, तेव्हाच्या मुंबईचं उपनगरच म्हणा. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा सुरू झाली. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. पुढे हे काम भायखळ्यात स्थिरावलं. ह्यूम मेमोरियल चर्च आणि ह्यूम हायस्कूल तिथेच आहेत.

मिशनच्या त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली छपाईचे देवनागरी खिळे घडले. गणपत कृष्णाजी तिथेच छपाई शिकले आणि त्यांनी स्वतःच्या छापखान्यात पंचांग छापलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीही लहानपणी तिथेच कामाला होते. मिशनच्या खिळ्यांचं कसब हिंदू धर्मग्रंथांच्या छपाईला उपयोगी पडलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. समाजसेवा म्हणतात ती हीच. दिलेलं परत आपल्याच पदरात पडावं, अशी अट तिला नसते.

आमच्या नगरचंही तसंच. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या, 1839 मध्ये नगरला. लग्न न करता, परक्या देशात, मुलींना अक्षरं शिकवत त्या 1862 मध्ये तिथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला जाऊन स्वतः शाळा काढली. जोतीरावांनी हे सांगितलेलं 1853 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलं. आमच्या घरी फरारबाईंचं नाव आजी-पणजीच्या नावासारखं घेतलं जायचं.

आमच्या रायगड जिल्ह्यातही मिशनच्या शाळा पोहोचल्या होत्या. रेवदंडा-अलिबागकडे अमेरिकन मिशनने बेने इस्रायल ज्यू मुलांसाठी शाळा चालवल्या. ती मुलं मराठी लिहायला-वाचायला शिकली आणि ज्यूच राहिली. पनवेलचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग 1849 पासून उभं आहे. शिकवायचं ते माणूस शहाणा व्हावा म्हणून; तो पुढे कुणाची प्रार्थना करतो, हे त्याचं त्याने ठरवावं. चर्चमध्ये सगळ्यांनाच हे पटतं असं नाही, पण माझं मत पक्कं आहे.

म्हणून उलव्यात आम्ही शनिवारी दुपारी त्याच गाळ्यात अभ्यासिका घेतो. बांधकामावरच्या मजुरांची मुलं येतात. कुणी नांदेडचं, कुणी कलबुर्गीकडचं. घरी बंजारा किंवा कन्नड बोलणारी ही मुलं मराठी शाळेत 'ळ' लिहिताना अडतात. एक मुलगी 'बाळ' लिहिताना 'ळ'ची दोन्ही वाटोळी वेगवेगळी काढायची आणि मध्ये बोटभर जागा सोडायची. मी तिचा हात धरून पाटीवर तेवढं एकच अक्षर गिरवून घेत राहिले. आता ती धाकट्या भावाचा हात धरते. इथली बांधकामं जशी सरकतात तशी त्यांची बिऱ्हाडं हलतात, आणि अर्धी शिकलेली मुलं हातची जातात. याला उपाय सापडलेला नाही.

सुगीच्या सणाला उपासनेनंतर आम्ही लिलाव करतो. भोपळे, नारळ, तांदळाची पोती, कुणाच्या घरचं लोणचं. वहाळ-गव्हाण या गावांतले शेजारीही बोली लावायला येतात, आणि पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. हा पैसा आजवर इमारत निधीत जमा होत आला. यंदा कार्यकारिणीत मी लेखी सूचना दिली आहे: या रकमेतून आधी शेजारचा रिकामा गाळा भाड्याने घ्यावा, त्यात भिंतीला मोठा फळा बसवावा आणि अभ्यासिका रोज भरवावी. चर्चच्या जागेचा अर्ज त्यानंतर सिडकोकडे करू.