डेटाबेसमधील अक्षरसंच आणि वर्णक्रम

मतदारयादी असो वा पतसंस्थेच्या सभासदांची नोंदवही, रिलेशनल डेटाबेसमध्ये ती साठवताना दोन निर्णय आरंभीच घ्यावे लागतात. अक्षरे कोणत्या संकेतांनी साठवायची हे अक्षरसंच ठरवतो. त्यांची तुलना कशी करायची आणि क्रम कसा लावायचा हे कोलेशन, म्हणजे क्रमनियम, ठरवतो.

यूटीएफ-८ पद्धतीत नेहमीच्या देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ संच ३ बाइटांपुरताच होता; मराठी मजकूर त्यात सुखाने नांदला आणि उणीव झाकली गेली. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना मात्र ४ बाइट लागतात. त्यासाठी २०१० पासून उपलब्ध असलेला ‘यूटीएफ८एमबी४’ हा पूर्ण संचच हवा.

खरी गुंतागुंत क्रमाची. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे; मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो आणि त्यापुढे ‘क्ष’, ‘ज्ञ’. केवळ संकेतांकांवर लावलेल्या यादीत त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीद’, ‘कासार’ यांच्या आधी पडते, तर ‘क्षीरसागर’ ‘क’च्या गटाच्या शेपटाला अडकते. छापील यादी चाळणारा योग्य जागी पाहतो आणि नाव गळले असे समजून परततो. युनिकोडच्या सीएलडीआर या नियमसंग्रहात मराठीचा स्वतंत्र क्रम आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आवृत्ती १० पासून तो आयसीयू लायब्ररीद्वारे वापरता येतो.

तुलनेचा प्रश्न याहून नाजूक. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘र’ कित्येकदा एका अदृश्य जोडचिन्हाने टंकला जातो. ते चिन्ह दुर्लक्षिणाऱ्या क्रमनियमात दोन्ही शब्द एकच ठरतात! उलट, त्याच ‘र’साठी कुणी ‘ऱ’चा स्वतंत्र संकेत वापरला, तर एकच शब्द दोन रूपांत साठतो. नोंद करतानाच एक रूप पक्के करणे, हाच यावरचा भरवशाचा उपाय.

क्रमनियम पुढेही बदलू शकतात. शोध वेगाने व्हावा म्हणून डेटाबेस जो इंडेक्स बांधतो, तो त्या वेळच्या क्रमानेच रचलेला असतो. २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसी २.२८ या आवृत्तीत क्रम बदलला. त्यावर विसंबलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या इंडेक्समध्ये असलेली नोंद न सापडणे, एकमेव असायला हवी ती दुबार शिरणे, असे दोष उद्भवू शकत होते. अशा बदलानंतर मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स नव्याने बांधावे लागतात.