टाइमकोड समक्रमण (थेट चित्रीकरणातील स्विचर)

बहुकॅमेरा चित्रीकरणात स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र घ्यायचे ते निवडणारे यंत्र), कॅमेरे, रेकॉर्डर आणि ध्वनियंत्रणा एकाच घड्याळावर चालवण्याची पद्धत. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा क्रमांक. 1960च्या दशकाअखेरीस व्हिडिओटेपच्या संकलनासाठी तो वापरात आला आणि अमेरिकेतील एसएमपीटीई या संस्थेने त्याचे मानक ठरवले.

टाइमकोड आणि जेनलॉक यांची गल्लत अनुभवी तंत्रज्ञही करतात. जेनलॉकमुळे सगळ्या कॅमेऱ्यांची फ्रेम एकाच क्षणी सुरू होते, पण ती कितवी हे त्यातून कळत नाही. टाइमकोड नेमके तेवढेच सांगतो. स्विचरमध्ये चित्र न फाटता कट घेता येतो तो जेनलॉकमुळे किंवा स्विचरमधल्या फ्रेम सिंक्रोनायझरमुळे, म्हणजे येणारी फ्रेम साठवून ताल जुळवणाऱ्या भागामुळे. टाइमकोडची किंमत कळते ती नंतर, संकलनाच्या टेबलावर.

रेखीय टाइमकोड (एलटीसी) ध्वनिसंकेताच्या रूपात केबलमधून जातो. त्यात दर फ्रेममागे 80 बिट असतात. चित्र वाहून नेणाऱ्या एसडीआय या डिजिटल जोडणीत टाइमकोड चित्राच्या दिसणाऱ्या भागाबाहेर बसतो. ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या एटीईएम स्विचरमधून प्रोग्रॅमचे (अंतिम निवडलेले) चित्र एसडीआयने कॅमेऱ्याकडे परत नेले, की त्याच कंपनीचे कॅमेरे त्यातून टाइमकोड उचलतात. मग कार्डावरचे मूळ चित्रण आणि स्विचरने घेतलेले कट क्रमांकांवरून जुळवता येतात.

सुरुवातीला एकदा घड्याळे मिळवून कॅमेरे मोकळे सोडण्याची सवय घातक आहे. दहा लाखांत दहा भागांनी चुकणारे घड्याळ तासाला 36 मिलिसेकंद सरकते. 25 फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. म्हणजे तीन तासांच्या नाटकात जवळपास तीन फ्रेमचा फरक पडतो आणि ओठ व शब्द यांची फारकत डोळ्यांत भरू लागते. शिवाय फ्रेम सिंक्रोनायझरमुळे स्विचरमध्ये चित्राला फ्रेमभर उशीर होऊ शकतो. तो वेगळा मोजावा लागतो.

29.97 फ्रेमच्या अमेरिकी पद्धतीत घड्याळाशी मेळ राखण्यासाठी तासाला 108 क्रमांक गाळतात; फ्रेम मात्र एकही गळत नाही. भारतात 25 फ्रेमची पद्धत असल्याने ही कटकट नाही.

रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात दिवसाच्या वेळेवर चालणारा कोड मध्यरात्री 00:00:00:00 वर येतो आणि संकलनात नंतरचे चित्रण आधी लागण्याचा धोका असतो. अशा वेळी कोड दिवसाच्या वेळेऐवजी शून्यापासून सुरू करावा.