कुलाब्याचे सांधे

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं चित्र पुळणीवर बसून काढू नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तिथून दिसते ती पाण्यावरची काळी पट्टी. ओहोटीला चालत जायचं आणि तटाच्या पायथ्याशी खडकावर कागद उघडायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पुनवेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमारास. सकाळची धरावी, पूर्वेच्या तटावर कोवळं ऊन येतं आणि सांधा न् सांधा दिसतो.

पाहायचे ते हे सांधेच. शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये काम सुरू केलं, पुढच्याच महिन्यात ते गेले. संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये ते पुरं केलं. बाहेरच्या तटात अवजड चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. म्हणून इथे सांध्याला बारीक रेघ पुरत नाही. ४बी पेन्सिल दाबून काळोख भरावा लागतो, आणि तो भरताना हाताला कळतं की ही फट मुद्दाम ठेवलेली आहे.

किनाऱ्याची रेखाटनं खलाशीही करत. ईस्ट इंडिया कंपनीच्या अलेक्झांडर डॅलरिंपलने तर अशी दृश्यं नकाशांसोबत छापली. जहाजावरून जमीन ओळखायला डोंगर आणि बुरुजांची बाह्यरेषा पुरे. पण कुलाब्याचं बळ त्या रेषेत मावत नाही. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला त्यांना घेता आला नाही.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. लोक त्यांना आंग्र्यांच्या समजून फोटो काढतात. मी मुलांना तोफेवरची अक्षरंही उतरवायला लावतो: यॉर्कशायरचा लो मूर कारखाना, साल १८४९. आंग्र्यांचं संस्थान कंपनीने १८४० मध्येच खालसा केलं होतं. ज्याने ते साल स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलं, तो या तोफा कान्होजींच्या चित्रात कधी घालणार नाही.