कुऱ्हाडीच्या दांड्याची गोष्ट

वारज्याच्या नागरी वनात मी अधूनमधून फिरायला जातो. 16.8 हेक्टरांची ही टेकडी एकेकाळी उजाड होती. वनविभाग आणि नागरिकांनी मिळून ती हिरवी केली. 2020 च्या पर्यावरणदिनी केंद्राने देशभरात 200 नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा याच वनावरचा चित्रपट दाखवण्यात आला. इथे झाड तोडणे हा गुन्हाच. वनखात्याचा इतिहास मात्र तोडीच्या हिशेबापासून सुरू होतो.

त्याची एक सुरुवात पुण्यातच आहे. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जहाजांना साग हवा होता, पुढे रेल्वेला स्लीपर हवे झाले. कोकणातले डोंगर बोडके झाल्याने झरे आटतात, हे गिब्सन यांनी सरकारला बजावले होते. संवर्धनाचा विचार असा तोडीच्या पोटातूनच आला.

राज्यातला नामांकित साग चंद्रपूर-गडचिरोलीचा. उभ्या झाडावर हातोड्याने ठसा मारायचा, ठरलेल्या कूपात तोड करायची, ओंडके ओढून रस्त्यापर्यंत आणायचे, मग आगारात मापे घेऊन थप्प्या लावायच्या आणि लिलाव करायचा, असा हा सारा क्रम. ओढाईला हत्ती असत. कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच कामाची खूण. बल्लारशाच्या आगारातून 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला, तेव्हा त्या लाकडाची मिरवणूक निघाली. तोडणाऱ्या हातांची मिरवणूक कधी निघत नाही.

हे हात बहुतेक आदिवासींचे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण त्यांना कठोरपणे लागू पडते: आपलेच रान, आपल्याच हातांनी, दुसऱ्याच्या हिशेबात तोडायचे. ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील वारल्यांच्या लढ्यात 1946 मध्ये जंगलातल्या कामाच्या मजुरीसाठी संप झाला. 1947 पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना चालना दिली. ठेकेदाराला बाजूला सारून कूपाचे काम मजुरांच्याच संस्थेला द्यावे, हा त्यामागचा हेतू.

केरळात निलांबूरला 1995 पासून सागाचे संग्रहालय आहे. तिथे जवळच 1840 च्या दशकातली सागाची लागवडही राखली आहे. आपल्याकडे आलापल्लीचे सहा हेक्टर जुने रान 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाले. झाडाचा वारसा आपण मानला; आता अवजारांचाही मानावा. दोघांनी ओढायची करवत, ठशाचा हातोडा, हत्तीचे साखळदंड, मोजणीच्या वह्या हे सारे बल्लारशा किंवा आलापल्लीत एका छपराखाली यावे.

झाडे वाचवण्याच्या काळात कुऱ्हाडीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. कौतुक नकोच. प्रत्येक अवजाराशेजारी ते कोणी चालवले, दिवसाला काय मजुरी मिळाली आणि त्या कूपात पुन्हा काय उगवले, एवढे लिहिलेले असावे. यांत्रिक करवती आल्यापासून दोन माणसांच्या करवतीची लय अंगात असलेली माणसे कमी होत चालली आहेत. लोखंड गंजले तरी काही वर्षे टिकेल. ती चालवणाऱ्यांचे बोल आधी टिपायला हवेत.