खेळाची उघडी संहिता

स्मृतिव्याख्यानासाठी संगणकावरील खेळ हा विषय काहींना हलका वाटेल. परंतु विद्या मोकळी ठेवावी की कुलूपबंद करावी, हा जुना प्रश्न या खेळांच्या साठ वर्षांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

आरंभ १९६२ सालचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. दोन अंतराळयाने परस्परांवर मारा करीत, एवढाच तो खेळ. पण पडद्यावरील तारे पीटर सॅमसन याने खऱ्या आकाशाच्या नकाशाप्रमाणे मांडले. मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌स याने घातले. आज्ञावली कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने असे आणि तिच्या प्रती विनामूल्य हातोहात जात. ती सर्वांना वाचता येत होती, म्हणूनच अनेकांना तीत भर घालता आली.

याच खेळावरून नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी १९७१ मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. १९७२ मध्ये 'पाँग' आला, १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स'. हेच आर्केड खेळ. प्रयोगशाळेतील करमणूक त्यांनी सामान्य माणसापर्यंत पोहोचविली, हे त्यांचे श्रेय मोठे. तथापि खेळाची घडण आता पेटीच्या आत बंद झाली. खेळणाऱ्याच्या वाट्याला केवळ पडदा उरला.

घरगुती संगणकाने ती पेटी काही काळ पुन्हा उघडली. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्‌झ यांनी नवशिक्यांसाठी बेसिक ही संगणकभाषा तयार केली होती. त्या भाषेतील खेळांचा संग्रह डेव्हिड अहल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. १९७८ च्या नव्या आवृत्तीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकातील आज्ञावली ओळीओळीने टंकित केल्याखेरीज खेळ सुरू होत नसे. एखादे चिन्ह चुकले तर शोधत बसावे लागे, आणि त्या शोधातच अनेक मुले संगणक शिकली.

या मोकळेपणाला कायद्याचा आधार मिळाला तो पुढे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना निघाला. जो आज्ञावली बदलून वाटील, त्याने आपली मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी, हे त्याचे सार. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ चे.

या परवान्याची कसोटी एका साध्या खेळात पाहता येते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात विद्यार्थ्याचा अभ्यासप्रकल्प म्हणून सुरू झालेला 'टक्स रेसर' २००० मध्ये या परवान्याखाली खुला झाला. पेंग्विन बर्फाच्या उतारावरून घसरत मासे गोळा करतो, इतकाच खेळ. २००२ मध्ये कर्त्यांनी त्याची बंदिस्त, विकाऊ आवृत्ती काढली व मोकळ्या आवृत्तीचे काम थांबविले. आपल्या श्रमांचे मोल घेण्याचा त्यांना अधिकार होताच. परंतु एकदा दिलेली संहिता परत घेता येत नव्हती. इतरांनी ती पुढे चालविली आणि 'एक्स्ट्रीम टक्स रेसर' या नावाने तो खेळ आजही घरच्या संगणकावर विनामूल्य खेळता येतो.

त्याच्या संहितेत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा ९.८१ हा आकडा लिहिलेला आहे. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला तोच हा आकडा. एखाद्या विद्यार्थ्याने तो कमी करून आज्ञावली पुन्हा बांधली, तर पेंग्विनची उडी लांबते आणि सूत्राचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. मुले संगणकावर खेळणारच. त्यांनी खेळावे की नाही, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. त्यांच्या हाती दिलेला खेळ त्यांना उघडून वाचता येतो की नाही, हेही पालकांनी आणि शिक्षकांनी विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.