करार कुणाचा, भुर्दंड कुणाला?

आता आपण परदेशातून आणलेल्या टीव्हीकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. रंग आला १९८२ मध्ये. त्या काळात आमच्या खारदांड्यात कुणी बोटीवरून, कुणी आखातातून परतताना संच आणायचे. अमेरिकी संच असला तर ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे ११० करता येत. पण पडद्यावर धड चित्र काही येईना.

का? अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला ३० चित्रं, ५२५ रेषा, एनटीएससी. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, २५ चित्रं, ६२५ रेषा आणि जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी घडवलेली पॅल पद्धत. विलायतेतही पॅलच, पण तिथे ध्वनी चित्रापासून ६ मेगाहर्ट्‌झवर, इथे ५.५ वर. म्हणजे तिथल्या संचावर चित्र मिळालं तरी आवाज नाही.

५० खरं की ६०? असा प्रश्नच उद्भवत नाही. हे निसर्गनियम नव्हेत, माणसांनी केलेले करार आहेत. दोन्ही आपापल्या जागी चालतात. मात्र ते ठरवताना, साठवलेली कमाई घालून संच आणणाऱ्या खलाशाला कुणी विचारलं नव्हतं. भुर्दंड पडला तो त्यालाच. प्रमाणांचा इतिहास वाचताना आपण हा माणूस विसरता कामा नये.